गोल केकचं शेत

बाराचे ठोके पडून गेले तरी सिदोनी बेकरीच्या दाराबाहेरच उभी होती. व्हेसादांच्या घरी रविवारी बाराच्या ठोक्याला सूप टेबलावर येतं, हे साऱ्या पेरझाकला माहीत. लढाईच्या दिवसांत चौकात जर्मन शिपाई उभे असतानाही ते आलं होतं, जरा पातळ होतं इतकंच. आणि उभा जन्म शाळेची घंटा वाजवण्यात घालवलेली सिदोनी कुठे मिनिटभरही उशिरा पोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आज मात्र तिची नजर दुकानाच्या पाटीवर अडकली होती. 'व्हेसाद. खरा गोल केक. सन १३६९ पासून.' सोनेरी अक्षरं तिच्या भावाने याच वसंतात नव्याने रंगवून घेतली होती. त्या पाटीमागची गोष्ट खोटी आहे, हे तिला जेवण आटपायच्या आत घरात सांगायचं होतं.

उद्या सांगून भागणार नव्हतं. उद्या सोमवारी दहा वाजता तिचा भाऊ गास्पार नोटरीकडे जाऊन नदीकाठचं शेत गावाला दान देणार होता, बालवाडीसाठी. गाव त्या बालवाडीला त्यांच्या आजोबांचं नाव देणार होतं. एकदा सही झाली की मग कोण कुणाचं ऐकतंय.

तिने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली आणि जिना चढली.

"आल्या एकदाच्या," क्लेमांस पळी उचलत म्हणाली. "सूप गार झालं की नाव माझं खराब होतं, वन्सं. म्हणून बोलले."

"चुकलंच," सिदोनी म्हणाली.

टेबलाच्या टोकाला गास्पार बसला होता, गळ्यात रुमाल खोचून. एकाहत्तर वर्षांचा झाला तरी पहाटेचा पहिला घाणा अजून तोच भट्टीत घालायचा. त्याच्या उजव्या हाताला त्याचा मुलगा ल्यूसियाँ, बेकरीचा आजचा मालक आणि गावचा उपमहापौर. दुसरं पद तो रविवारीसुद्धा विसरत नसे. आजही खुर्चीला टेकून नकाशाची गुंडाळी उभी होती. त्याच्या शेजारी त्याची बायको मोनिक. त्यांची चार वर्षांची आन्येस आठवडाभर आजोळी गेली होती, म्हणून जेवण जरा शांत होतं. आणि चुलीजवळच्या खुर्चीवर फिर्मिन, सिदोनीच्या वारलेल्या बहिणीचा, मेलानीचा मुलगा. तो दर ऑक्टोबरात पहिल्या रविवारी यायचा. पाव फुगत ठेवायच्या वाळुंजाच्या टोपल्या तोच विणायचा आणि वर्षाच्या नव्या टोपल्या घेऊन आला की क्लेमांस त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे.

"बसा, बाई," फिर्मिन म्हणाला.

शाळेत असताना तो तिला बाई म्हणायचा, आणि एकोणपन्नास वर्षांचा बाप्या झाला तरी बाईच म्हणत होता. घरचे त्याला गंमत समजत. सिदोनीने ती कधीच गंमत समजली नव्हती, पण त्याबद्दल तिने तोंडही उघडलं नव्हतं.

सूप संपायच्या आत ल्यूसियाँने नकाशा पसरला. चारी कोपऱ्यांवर ब्रेड, मिठाचं भांडं, वाईनची बाटली आणि मोनिकचा चष्मा ठेवला.

"हे बघा बाबा. इथून फाटक, इथे वाळूचा चौकोन. आणि मुलांची दुपारची झोपायची खोली ही मागे, नदीच्या अंगाला. रस्त्याचा आवाज नको म्हणून."

"आणि नाव?" गास्पारने विचारलं.

"फाटकावर. दगडात कोरून. 'ओनोरे व्हेसाद बालवाडी'."

गास्पारने रुमालाने तोंड पुसलं, डोळेही पुसले. क्लेमांसने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. हे बघून सिदोनीला वाटलं, आपण आत्ताच उठावं आणि निघून जावं. पण पाय खुर्चीखाली घट्ट रोवून ती म्हणाली, "दादा, उद्या सही करू नकोस."

चमचे थांबले.

"का?" गास्पार म्हणाला.

"तिथे शाळा बांधायची नाही. त्या शेतात पाणी येतं."

ल्यूसियाँ हसला. "आत्या, इंजिनिअर दोनदा येऊन गेला. तीस सालच्या पुरात खालचा पूल गेला, बाजारात पाणी शिरलं, पण त्या शेतात थेंब आला नाही. हे मला कुठून कळलं माहीत आहे? तुझ्याच पुस्तकातून. पान अठ्ठ्याहत्तर."

पुस्तकाचा विषय निघणार हे तिला ठाऊक होतंच. 'पेरझाक: भूगोल आणि इतिहास.' निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. कुठल्या टेकडीचा दगड कुठल्या घराला लागला, चामड्याचे कारखाने का बसले, बाजार गुरुवारी का भरतो, सगळं त्यात होतं. तीनशे प्रती छापून तिच्या दारातल्या बोळात गठ्ठ्यांनी रचल्या होत्या आणि शाळेची कोनशिला बसेल त्या दिवशी वाटायच्या ठरल्या होत्या. पान एकतीसवर व्हेसादांची गोष्ट होती. इंग्रजांनी गावाला वेढा घातला, तेव्हा आंत्वान व्हेसाद नावाच्या भटारखान्यातल्या माणसाने उरल्यासुरल्या पिठाचे गोल केक भाजून गाव जगवलं, आणि सरदाराने खूश होऊन त्याला नदीकाठचं शेत बक्षीस दिलं. म्हणून त्या शेताचं नाव 'ल गातो रों', म्हणजे गोल केक. दर रविवारी हे घर तोच केक कापत होतं.

"पान अठ्ठ्याहत्तर बरोबर आहे," सिदोनी म्हणाली. "चुकलंय ते पान एकतीस."

तिने पिशवीतून वहीचा कागद काढला. "पुस्तकाच्या कव्हरासाठी जुनं चित्र शोधायला मी नगरपालिकेच्या माळ्यावर गेले होते, गेल्या मंगळवारी. तिथे सतराशे बेचाळीस सालची जमिनींची यादी सापडली. मी उतरवून आणली. ऐका. प्रत्येक शेतापुढे काय काय लिहिलंय. कुठे घर, कुठे गोठा, कुठे कबुतरखाना. आपल्या शेतापुढे लिहिलंय: कुरण, वाळुंज. घर नाही, गोठा नाही, साधी कोंबड्यांची खुराडी नाही. बाजारापासून पाच मिनिटांवर जमीन, आणि शेकडो वर्षांत तिथे कुणी चार भिंती घातल्या नाहीत. वेडे होते का सगळे?"

"नाव काय लिहिलंय?" मोनिकने विचारलं.

सिदोनी कागदाकडे बघत राहिली. नाव तिला वाचता येत होतं. तोंडातून काढता येत नव्हतं. तिने कागद मोनिकपुढे सरकवला.

"ला... एग तोर्न?" मोनिक उत्तरेकडची, तिला ते अडखळतच आलं. "हे काय?"

"इथल्या बोलीत आहे. पाणी परततं, असा अर्थ आहे," सिदोनी म्हणाली. "अठराशे चौतीसला पॅरिसहून मोजणीदार आले. घोड्यावर बसून शेतकऱ्याला विचारलं, या जमिनीला काय म्हणता? त्याने बोलीत सांगितलं. साहेबाला बोली येत नव्हती. त्याला ऐकू आलं, गातो रों. त्याने नकाशावर लिहिलं, गोल केक. झालं. तेव्हापासून कागदावर केक."

क्लेमांसने दोन्ही हात टेबलावर ठेवले, आपटायचेच काय ते बाकी होते. "म्हणजे वेढा, सरदार, आंत्वान, हे सगळं?"

"आधी कागदावर नाव आलं, वहिनी. गोष्ट त्यानंतर कुणीतरी रचली."

"वन्सं, आपल्या दुकानावर पाटी आहे."

"माहीत आहे. तिच्याखाली उभी होते म्हणूनच उशीर झाला."

गास्पारने गळ्यातला रुमाल ओढून काढला. त्याचा चेहरा भट्टीसमोर असतो तसा लाल झाला होता. "सिदोनी, साठ वर्षं मी तो केक करतोय. संत्र्याच्या फुलांचं पाणी किती थेंब घालायचं ते मला आजोबांनी शिकवलं. आणि तू कुठल्या माळ्यावरून कुठल्या कारकुनाचा कागद आणतेस, आणि आजोबांचं नाव दगडावर कोरायच्या आदल्या दिवशी मला सांगतेस की मी खोट्याचा धनी आहे."

"केक खरा आहे, दादा. शेत खोटं."

"आत्या," ल्यूसियाँ समजावणीच्या सुरात म्हणाला. लोकांना सभेत शांत करतो तोच सूर. "नाव पाण्याचं असेल. पण पाणी आलेलं कुणी बघितलंय का? तीस साली नाही. त्याआधी नाही. आमच्या पणजोबांनीही नाही."

"कारण अठराशे एकोणनव्वदला रेल्वेचा बांध झाला. शेताच्या खालच्या अंगाला, पुरुषभर उंच. पाणी त्याला अडायचं." सिदोनीने त्याच्याकडे रोखून बघितलं. वर्गात बघायची तसंच. "तो बांध आता कुठे आहे?"

ल्यूसियाँ नकाशाचा कोपरा सरळ करू लागला.

"ल्यूसियाँ, बांध कुठे आहे?"

"काढला. मार्चमध्ये. गाडी बंद होऊन बारा वर्षं झाली, आत्या, आणि नव्या रस्त्याला भराव हवा होता. ठराव एकमताने झाला."

"तुझ्या सहीने."

"माझ्या सहीने," ल्यूसियाँ म्हणाला. मग लगेच नकाशावर बोट ठेवून त्याने स्वतःला सावरलं. "पण म्हणून एका शब्दावरून पूर्ण शाळा हलवायची? इंजिनिअर विचारेल, पुरावा काय? मी काय सांगू, आमच्या आत्याला शब्दाचा अर्थ लागला?"

त्याचं चुकत नव्हतं. यादी ही यादी, शब्द हा शब्द. ज्याने पाणी बघितलं असेल असा एकच माणूस या घरात होता, टोपल्यांसाठी त्या शेतातली वाळुंजं कापणारा, आणि तो चुलीजवळ बसून सुपात ब्रेड बुडवत होता.

"फिर्मिनला विचार," सिदोनी म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. फिर्मिनने ब्रेड खाऊन संपवला, बोटं पुसली.

"मला कशाला विचारता, बाई? मला त्या शेताचं नाव चांगलं पाठ आहे. शंभर वेळा लिहिलंय. ल गातो रों."

"शंभर वेळा कशाला?" मोनिकने विचारलं.

फिर्मिन सिदोनीकडे बघत राहिला. सांगायचं असेल तर तूच सांग, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

मंगळवारपासून तिला झोप नव्हती ती याच्यासाठी. यादी वाचून तिला पहिल्यांदा पूर आठवला नव्हता, हा मुलगा आठवला होता. ती उभी राहिली. बसून सांगायची ही गोष्ट नव्हती.

"चोवीस साल. भूगोलाचा तास," ती म्हणाली. "गावाच्या शेतांची नावं मी मुलांना एकेक करून विचारत होते. फिर्मिन नऊ वर्षांचा होता. उभा राहिला आणि त्याने बोलीतलं नाव सांगितलं, बापाकडून ऐकलेलं. आमच्याकडे तेव्हा एक लाकडी बूट असायचा, मुठीएवढा, दोरीला बांधलेला. जे मूल वर्गात बोली बोलेल त्याच्या गळ्यात. दुसरं कुणी चुकलं की तो बूट त्याच्याकडे जायचा, म्हणून मुलं एकमेकांवर पहारा ठेवायची. त्या आठवड्यात दुसरं कुणी चुकलंच नाही. तीन दिवस तो याच्या गळ्यात होता. आणि शंभर वेळा लिहायची शिक्षा. मेलानी माझ्याकडे आली, म्हणाली, अगं, आपल्याच घरचं पोर आहे. मी म्हटलं, म्हणूनच सूट नाही."

"ते मला माहीत नव्हतं," गास्पार म्हणाला.

"मला वाटलं होतं याने नाव बिघडवलं. सरळ साधा 'गातो रों', आणि हा त्याची खेडवळ मोडतोड करतोय. आपल्या आईने आपल्याला बोली बोलू दिली नाही, दादा, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता. मोडतोड आपण केली होती. हा पोरगा बरोबर होता, आणि साऱ्या वर्गात तो एकटाच बरोबर होता." तिचा आवाज बारीक झाला, पण ती थांबली नाही. "फिर्मिन, माझं चुकलं. मी तुझ्याशी फार वाईट वागले. हे मी चाळीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं."

फिर्मिनने पायाशी ठेवलेल्या नव्या टोपलीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"आणि आता आमची बोली कामाची झाली," तो म्हणाला.

"हो. झाली."

"मग म्हणा."

"काय?"

"शेताचं नाव. मघाशी कागद सूनबाईंकडे सरकवलात, बघितलं मी. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

क्लेमांस मध्ये पडायला गेली, "अरे, त्यांचं वय बघ," पण गास्पारने तिला हाताने गप्प केलं. सिदोनीने घसा साफ केला. लहानपणी अंगणात ऐकलेले ते शब्द, ओठांवर येताच आईने मुस्काटात दिलेली, ते सगळं एकदम आठवलं.

"लेगो तोर्न," ती म्हणाली.

"नाही. लायगो. शेवटही गिळू नका. परत."

"लायगो... तोर्नू."

"तोर्नो. घाई काय आहे? परत."

"लायगो तोर्नो."

"बसा आता," फिर्मिन म्हणाला आणि त्याने आपली खुर्ची चुलीजवळून उचलून टेबलाशी आणली. इतक्या वर्षांत तो टेबलाशी बसलेला कुणी बघितला नव्हता.

"मामा, पाणी तिथे वरून येत नाही," तो गास्पारला म्हणाला. "म्हणून इंजिनिअरला दिसत नाही. तो वर बघतो, पुलाकडे. आपली व्हेर्न खाली जाऊन मोठ्या नदीला मिळते. तिकडे डोंगरात बर्फ वितळलं की मोठी नदी फुगते आणि व्हेर्नला आत घेत नाही. मग व्हेर्न मागे फिरते. ओढ्यातून, वाळुंजांच्या मागून वर सरकते. आवाज नाही, काही नाही. इथे बाजारात ऊन पडलेलं असतं, लोक टमाटे निवडत असतात. बांध होता तोवर ती बांधाला टेकून परत जायची. यंदा एप्रिलमध्ये तिसऱ्या वाळुंजापर्यंत आली. माझ्या मांडीपर्यंत. दोन दिवस होती."

"आणि तू गप्प बसलास?" ल्यूसियाँ ताडकन म्हणाला.

"गप्प कुठे? तुलाच सांगितलं. पुलावर भेटलास तेव्हा. घाईत होतास, कोटबीट घालून. मी हाक मारली आणि म्हटलं, लायगो तोर्नो, ल्यूसियाँ, लायगो तोर्नो. पाणी परत येतंय."

ल्यूसियाँने चमचा खाली ठेवला.

"मी काय म्हणालो?" त्याने हळूच विचारलं, पण त्याला ते आठवलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

"तू म्हणालास, 'हो हो फिर्मिनदादा, गातो रों, तिथेच होणार शाळा.' आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस."

मोनिकला हसू आलं आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. सिदोनीने ते बघितलं. मोनिकने नकाशाच्या कोपऱ्यावरचा आपला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि नकाशा स्वतःकडे फिरवला.

"झोपायची खोली कुठली म्हणालात?"

"मोनिक, आत्ता नको," ल्यूसियाँ म्हणाला.

"ही? मागची? वाळुंजांच्या बाजूची? जेवून झोपलेली तीस पोरं, आणि आवाज न करता येणारं पाणी." तिने बाटली बाजूला केली, मीठ बाजूला केलं, आणि नकाशाची गुंडाळी करून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "माझी आन्येस तिथे झोपणार नाही. दुसऱ्या कुणाची झोपावी असं तुला वाटत असेल, तर उद्या फाटकाशी उभं राहून त्या आयांना तसं सांग. मी आत्याच्या बाजूने आहे."

"तूसुद्धा," ल्यूसियाँ म्हणाला. मग आईकडे वळला. पण क्लेमांस नवऱ्याकडे बघत होती. तिची बाजू नेहमी तीच असायची, आणि त्या बाजूने अजून कौल दिला नव्हता.

गास्पार उठला. कपाटावरचा गोल केक त्याने टेबलावर आणला आणि सुरी घेतली. दर रविवारी केक कापताना तो म्हणायचा, "आंत्वानच्या नावाने," आणि सगळे म्हणायचे, "आंत्वानच्या नावाने." आज तो नुसता सुरी घेऊन उभा राहिला.

"आजोबा हसायचे," तो म्हणाला. "आठवतं तुला, सिदोनी? नोटरीकडून शेताचा कागद आला की ते चष्मा लावून नाव वाचायचे आणि पोट धरून हसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही रे, सरकारला भूक लागली होती."

"आठवतं," सिदोनी म्हणाली.

"म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं."

"त्यांना बोली येत होती, दादा. त्यांना माहीत असणारच."

"आणि तरी पाटी लावली. चावट म्हातारा." गास्पारला हसू फुटलं, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि या खेपेला त्याने ते पुसलं नाही. "पण त्या शेतात त्यांनी कधी झोपडंसुद्धा घातलं नाही. आम्हालाही घालू दिलं नाही. मी एकदा म्हटलं, पिठाचं कोठार बांधू. केवढे भडकले होते." त्याने केक कापला, एकेक तुकडा प्रत्येकाच्या ताटलीत ठेवला. "ल्यूसियाँ, उद्या मी नोटरीकडे जातो. दानपत्रात शेत काढून वरची बाग घालायला सांगतो. चर्चच्या भिंतीलगतची."

"अहो, तुमची नाशपातीची झाडं," क्लेमांस म्हणाली. "तीस वर्षं भिंतीला बांधून वाढवलीत. काम सोडल्यावर तिथेच बसायचं म्हणत होतात."

"बसेन की. पोरांच्यात बसेन. नाशपाती काय, पोरं खातील."

"मग ठीक आहे," क्लेमांस म्हणाली आणि कॉफी टाकायला उठली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

"बाबा, हे इतकं सोपं नाही," ल्यूसियाँ म्हणाला. "ठराव नव्याने मांडावा लागेल. नकाशे नवे. महापौर माझं डोकं खाईल. आणि बांधाचं सगळ्यांसमोर सांगावं लागेल, मी काढला म्हणून."

"सांग मग," गास्पार म्हणाला. "तुझी आत्या आत्ता सांगून बसली ना, सगळ्यांसमोर? मेली का?"

ल्यूसियाँने सिदोनीकडे बघितलं. तिने वर्गातला चेहरा केला नाही. त्याने केकचा तुकडा तोंडात टाकला, चावत राहिला, आणि शेवटी फिर्मिनला म्हणाला, "मंगळवारी सभा आहे. येशील का? कुठलं वाळुंज, कुठवर पाणी, तूच सांग. मला नीट सांगता येणार नाही."

"मी बोलीत सांगेन," फिर्मिन म्हणाला. "मला तसंच सांगता येतं."

"मी फ्रेंचमध्ये करून सांगेन," सिदोनी म्हणाली.

"चुकलात तर टोकेन."

"टोक."

कॉफी आली. पाटीचं काय करायचं, हे क्लेमांसने काढलंच, तेव्हा गास्पार म्हणाला, "पाटी राहील. साल खरवडून काढतो. 'खरा गोल केक' हे तर खरंच आहे ना?" ते कुणालाच नाकारता आलं नाही.

राहिली तीनशे पुस्तकं.

"छापखान्यात सांगू, आत्या," मोनिक म्हणाली. "दुरुस्तीची चिठ्ठी छापून देतील. पान एकतीसवर चिकटवू. आठवड्याचं काम."

"नको," सिदोनी म्हणाली. "चिकटवायला मदत कर. लिहिणार मी."

"तीनशे? हाताने?"

"हाताने."

तिने पिशवीतून कोऱ्या कागदाचा गठ्ठा, कात्री आणि दौत-टाक काढला. सकाळी घरातून निघतानाच तिने तो घेतला होता. घरचे मानतील की नाही याची खात्री नव्हती, पण पुस्तक तसंच जाऊ द्यायचं नाही एवढं तिने मंगळवारीच पक्कं केलं होतं. क्लेमांसने न बोलता टेबलावरचे तुकडे झटकले आणि तिच्यापुढे जाड कापड घातलं. मोनिक चिठ्ठ्या कापायला बसली.

सिदोनीने पहिली चिठ्ठी लिहिली. 'पान ३१, दुरुस्ती. या शेताचं खरं नाव लायगो तोर्नो. अर्थ: पाणी परततं. नाव सांगणारा: फिर्मिन बास्तीद, टोपल्या विणणारा.' लिहून तिने ती फिर्मिनपुढे धरली. त्याने ती हातात घेतली, लांब धरून वाचली. बोली लिहिलेली त्याने जन्मात कधी पाहिली नव्हती. स्वतःचं नाव त्याने पुन्हा वाचलं आणि चिठ्ठी अगदी सांभाळून, ओली शाई लागू न देता टेबलावर ठेवली.

मग तो निघेल असं तिला वाटलं. चार वाजून गेले होते, त्याला नदीपर्यंत चालत जायचं होतं. पण त्याने बाटली जवळ ओढली, आपला पेला भरला, तिचाही भरला, आणि खुर्चीत मागे टेकून बसला. ती लिहीत होती, तो चिठ्ठ्या एकीखाली एक मांडत होता. अठ्ठाविसाव्या चिठ्ठीला तिचं बोट आखडलं. तिने टाक खाली ठेवला आणि मनगट चोळू लागली.

फिर्मिनने ओळीने मांडलेल्या चिठ्ठ्या बोटाने मोजल्या.

"दोनशे बहात्तर राहिल्या, मावशी," तो म्हणाला.

सिदोनीने टाक उचलला.